विनीचा गुलाबी

विनीला गुलाबी रंगाचं वेड लागलं ते साठी उलटल्यावर. त्याआधी तिने पाद्र्यांच्या मिशनमध्ये लोकांचे कपडे धुतले, पोरं वाढवली, नवऱ्याला मूठमाती दिली, आणि आर्ट सेंटरच्या ओसरीवर कॅनव्हास अंथरून वर्षानुवर्षं काडीने तांबडे-पिवळे ठिपके देत विकायची चित्रं काढली. मग एकदा गुलाबी रंगाचा डबा उघडला आणि बाई कामातून गेली. कोपरं गुलाबी, चहाचा मग गुलाबी, मांडीशी झोपलेल्या कुत्र्याचा कानही गुलाबी.

"मातीचे रंग घे ना, मावशी," सिडनीहून आलेला सेंटरचा मॅनेजर म्हणाला. "गिऱ्हाइकाला वाळवंट वाटलं पाहिजे."

"गिऱ्हाइकानं पावसानंतरचं वाळवंट कधी बघितलंय?"

विनीने बघितलं होतं. लहानपणी, बापाच्या पाणवठ्यावर, माती दिसेना इतकी गुलाबी फुलं. ती त्यात गडाबडा लोळली होती. आता गुडघे तिथवर नेणार नव्हते, म्हणून डोळे मिटायच्या आत तो पाणवठा तिला तस्सा उतरवायचा होता.

मॅनेजर काय, येतात नि जातात. खरी धास्ती डोरीनची. बापाच्या भूमीचं चित्र लेकीने काढावं, पण ते बरोबर की चूक हे आत्याच्या लेकीने ठरवावं, असा रिवाज. आणि ही आतेबहीण महाफटकळ. ती नाही म्हणाली की चित्र पुसायचं, विषय संपला.

डोरीन आली ती कांगारूची शेपटी चघळतच. कॅनव्हासभोवती एक फेरी मारून थांबली.

"ही टेकडी ना? मग तिच्यापलीकडे काय चाललंय?"

विनीने वाकून पाहिलं. रंगाच्या भरात तिचे ठिपके टेकडी ओलांडून थेट डोरीनच्या बापाच्या भूमीत उतरले होते. तिथे काडी टेकवायचा तिला हक्कच नव्हता.

"माझ्या बापाचं घर रंगवायला तुला कुणी बोलावलं होतं गं?"

"हात थांबेना," विनी म्हणाली. "पुसते सगळं." तिला रडूच फुटलं.

"सगळं कशाला? भोकाड पसरू नको." डोरीनने ओल्या फडक्याने टेकडीपलीकडचं तेवढं पुसलं, शेजारी बसकण मारली आणि जांभळा डबा ओढला. "आमच्या बाजूला जांभळी फुलं यायची. ते मी बघते. तुझा पाणवठा बरोबर आहे. फक्त गुलाबी कमी पडलाय."

विनी डोळे पुसता पुसता इतकी हसली की कुत्रं उठून गेलं. तिने गुलाबीचा डबा उपडा करून पाहिला. आत थेंबही नव्हता.

"ए मॅनेजर," डोरीनने हाक मारली, "गुलाबी आण. मोठा डबा."