उदगीरच्या फलाटावरची लढाई

हैदराबादची गाडी तीन तास उशिरा येणार असल्याचं उदगीर स्टेशनवर जाहीर झालं, तेव्हा बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी मांडीवरचा स्टीलचा डबा घट्ट धरला. "हुकला माझा डाव," त्या पुटपुटल्या.

"कसला डाव?" मी विचारलं, तसा त्यांनी डबा उघडला. कापसात दोन फासे आणि अंगठ्याएवढे प्लॅस्टिकचे सैनिक निजले होते, कुठल्यातरी दूरच्या ग्रहावरचे. निम्म्यांची चिलखतं करडईच्या फुलासारखी केशरी, निम्म्यांची निळी. आपल्या ब्युटी पार्लरमध्ये गिऱ्हाईक नसलं की नखं रंगवायच्या ब्रशनं त्यांनी ते चार वर्षं रंगवले होते. आज हैदराबादला त्या पहिल्यांदाच कुणाशी तरी या सैनिकांच्या लढाईचा डाव खेळणार होत्या.

"पण दोन फौजा कशाला?"

"उदगिरात कोण खेळतंय, ताई? दोन्हीकडून मीच लढते. हरले तरी चालंल, पण समोर कुणीतरी बसलेलं पायजे."

मधे डावाला जागा करत मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकले. "मला शिकवा."

निळी फौज माझी झाली. फासे पडत राहिले, उन्हं कलली, आणि फलाट हळूहळू तांबूस मातीचा ग्रह वाटू लागला. माझे सैनिक एकेक करून आडवे होत होते आणि बाई प्रत्येकाला हलक्या हातानं कापसात ठेवत होत्या.

गाडी आली, थांबली.

"तुमची चाल हाय, ताई," त्या मान वर न करता म्हणाल्या.

मी फासे उचलले. गाडी सुटल्याचं आम्हा दोघींनाही कळलं नाही.