विमलमावशीच्या हातचं

विमलमावशी काल दुपारी गेली. हार्ट अटॅकने.
कारण ऐकून मला हायसं वाटलं.

दगडाच्या काळजाची म्हणा हवं तर. पण पूर्ण वाचा.

मावशी माझ्या नात्यातली नव्हे. ती मूळची धुळ्याकडची. नवागामला, कापडाच्या मागांच्या वस्तीत, तिची खानावळ. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती लूमवर, म्हणजे मागांवर राबणाऱ्या माणसांना दोन वेळ जेवू घालायची.

मी तेव्हा मायक्रोबायोलॉजीत पीएच.डी. करत होते. विषय होता कामगारांच्या खानावळींतल्या अन्नातले रोगजंतू.
आठवड्यातून एकदा भेस्तानच्या लॅबमधून बर्फाचा डबा घेऊन तिच्या दारात उभी राहायचे. भाजी, ताक, पिण्याचं पाणी, सगळ्याचं सॅम्पल घ्यायचे.

ती आधी मला पाटावर बसवायची.
"आधी खा, मग तपास. उपाशीपोटी तुला सगळंच खराब दिसेल."

पण तिच्याकडे जेवणाऱ्यांना टायफॉइड होत होता. एकाला झाला, की महिन्या-दोन महिन्यांनी दुसऱ्याला.

मी टाकी तपासली, नळ तपासला. चटणी, ताक, कापलेला कांदा.
सगळं स्वच्छ.

मग रमणभाऊ आजारी पडले. चाळिशीतला माणूस, वर्षानुवर्षं तिच्याकडे जेवणारा, तिला आक्का म्हणणारा. ताप अंगावर काढला. शेवटी मावशीनेच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तोवर आतडं फाटलं होतं. ऑपरेशननंतर तीन दिवस डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते.

मी माझ्या गाइड मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अन्न तपासलंस. अन्न करणारीला तपासलंस?"



कधीकधी टायफॉइड बरा होतो, पण जंतू पित्ताशयात मुक्काम ठोकतो. माणूस ठणठणीत, त्याला पत्ताही नसतो. जंतू शौचातून मधूनच बाहेर पडतो, मधूनच नाही. हात नीट धुतले गेले नाहीत तर हातावाटे अन्नात जातो. उकळत्या वरणात मरतो. ताकात, कोशिंबिरीत मरत नाही.

"पण एमने पूछ्या वगर नहीं," मॅडमनी गुजरातीत बजावलं. त्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

मी गेले तेव्हा ती भाकरी थापत होती. कसंबसं सांगितलं.
तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, उतरवली. मग गॅस बंद केला.

"मना हातमा इख शे का, माय?"
माझ्या हातात विष आहे का, असं विचारत होती. माझ्याशी एरवी बेतानं शहरी बोलणारी मावशी एकदम घरच्या अहिराणीत आली.

"माहीत नाही, मावशी. म्हणून तर तपासायचं."
"मग आजच घे. रिपोर्ट येईस्तोवर मी कशालाच हात लावत नाही."

प्रयोग फसावा म्हणून मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा देवाला विनवलं.
चौथ्या दिवशी प्लेटवर काळे, चमकदार ठिपके, टायफॉइडच्या जंतूचे. पुढच्या चाचण्यांनीही तेच सांगितलं.

तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "रमण वाचेल ना?"
रमणभाऊ त्याच सकाळी आयसीयूतून साध्या वॉर्डात आले होते. ते ऐकून तिने डोळे पुसले. म्हणाली, "बाकीच्यांना मी सांगते. तू फक्त जवळ उभी राहा."

संध्याकाळी सगळे जमले. ती उंबऱ्यात उभी राहून बोलली.
"आजार माझ्याकडून गेला. मला ठाऊक नव्हतं. आता कळलंय, म्हणून खानावळ बंद."

एकाने रिकामं ताट आपटलं आणि शिव्या देत निघून गेला. बाकीचे नुसतेच गेले. ते जास्त लागलं तिला.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. महिनाभर गोळ्या, मग पित्ताशय काढायचं ऑपरेशन. शेजारणी बोलायच्या, पण चार हात लांबून.

एके दुपारी मी तिच्याकडे बसले होते, तर रमणभाऊ भिंत धरत धरत आले. हातात डबा.
"आक्का, बायकोने केलंय. खाऊन घे."
"तुला राग नाही आला माझा?"
"आला ना. दोन दिवस कोणाशी बोललो नाही. मग आठवलं, मला दवाखान्यात ओढत तूच नेलं होतंस."

तेव्हा ती रडली. हमसून हमसून.

मग एकामागून एक रिपोर्ट. निगेटिव्ह. निगेटिव्ह. शेवटचा मी स्वतः घेऊन धावत गेले.
"वाच," ती म्हणाली. वाचला.
"परत वाच."
परत वाचला.

ती उठली. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. पुसले. पुन्हा धुतले. भाकरी केली, कांदा चिरला, ताक घुसळलं. ताट माझ्यापुढे ठेवून स्वतः लांब भिंतीला टेकून बसली.
मी आधी ताक प्यायले. तिच्याकडे बघत, पूर्ण ग्लास.
"मीठ कमी आहे," म्हटलं.
हसली! कितीतरी महिन्यांनी.

खानावळ पुन्हा सुरू झाली. सगळे नाही परतले, पण बरेच परतले. तिच्याकडून पुन्हा कोणाला टायफॉइड झाला नाही.

तरी दर सहा महिन्यांनी ती लॅबच्या दारात हजर. "तपास."
मी म्हणायचे, "मावशी, गरज नाही आता."
"तुला नसेल. मला आहे."
आणि दर वेळी रिपोर्ट येईपर्यंत माझा जीव टांगणीला. पुन्हा तसलं काही घेऊन तिच्याकडे जावं लागलं तर?

नाही जावं लागलं. गेल्या महिन्यातलाही निगेटिव्ह होता.

काल दुपारची पंगत उठली. "जरा पाठ टेकते" म्हणाली, ती उठलीच नाही. हार्ट अटॅक, तो जंतू परतला नव्हता; हायसं वाटलं ते म्हणून.

आज सकाळी रमणभाऊंनी खांदा दिला. ऑपरेशनच्या व्रणावर हात दाबत, पण शेवटपर्यंत बदली घेतली नाही.

मावशी, मनापासून नमस्कार. निवांत जा.