माती लोटताना याकोबचं गाणं

मंडळी, आज सकाळी नाशिकरोडला आमच्या याकोबला मूठमाती देऊन आलो.

आम्हा ख्रिस्ती लोकांत खड्डा भरेस्तोवर गाणं थांबवत नाहीत. मातीचा आवाज घरच्यांच्या कानी पडू नये म्हणून. आज पोरांनी मोबाइलवर गाणं लावलं होतं. ते मध्येच बंद पडलं आणि शवपेटीवर पडणारी माती सगळ्यांना ऐकू आली.

मला ऐंशी सालच्या सुमाराचा एक दिवस आठवला. त्याआधी याकोबचा रॉक बँड होता, मी ड्रम वाजवायचो. गाणी येशूचीच, पण वडीलधारे म्हणायचे, "देवळात कसली डबडी बडवता?" पुढे आपसात भांडून बँड मोडला. याकोबने गिटार माळ्यावर टाकली.

मग त्याची चिमुकली रूथ तापाने गेली. तिच्या खड्ड्याशी गाणं म्हणणारे पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरूच रडू लागले, गाणं तुटलं. तिची आई, मार्थावहिनी कानांवर हात दाबून खाली बसल्या. तेव्हा याकोबने तिथल्या तिथे जुळवत नवंच गाणं धरलं, ते माती सपाट होईस्तोवर.

नंतर मी विचारलं, "देवाचा राग नाही आला रे?"

"आलाय ना. पण भांडायला तरी दुसरं कोण आहे मला?"

गिटार खाली उतरली. त्यानंतर तो एकटाच गाणी रचत राहिला.

आज तेच गाणं वहिनींनी धरलं. साथीला मी एकटा, बाकी कोणाला येत नव्हतं. परतताना म्हणाल्या, "भावजी, माझ्या वेळी कोण म्हणेल?"

"मी आहे ना," म्हणणार होतो, पण मीही पिकलं पान.

कोणी शिकायला येता का? मी घरीच असतो.