आमच्या साडूंचं कपाट

कपड्यांना माणसासारखा जीव असतो, स्वभाव असतो आणि प्रसंगी रागही येतो, यावर माझ्या साडूंइतकी श्रद्धा साऱ्या वऱ्हाडात दुसऱ्या कुणाची नसेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. राहायला अमरावतीला, सरकारी नोकरीतून निवृत्त. निवृत्तीनंतर कुणी शेती बघतं, कुणी नातवंडं सांभाळतं. यांनी कपाट सांभाळायला घेतलं. त्यातले कपडे रंगाने किंवा मापाने लावलेले नसत, कुणाचं कुणाशी पटतं ते बघून लावलेले असत. जाड जीन्सशेजारी मलमलचा सदरा ठेवला की सदरा "दबून राहते" म्हणे. मोज्यांचा गोळा केलेला त्यांना खपत नसे. "दम घुटते त्यायचा," म्हणून ते मोजे लांब पसरून ठेवत. लग्नात मिळालेला एकुलता एक टाय त्यांनी जन्मात घातला नाही, पण त्याला स्वतंत्र हँगर होता. ताईंनी एकदा त्या हँगरला पर्स अडकवली, तर साडूंनी दिवसभर त्यांच्याशी अबोला धरला.

एकदा मे महिन्यात मी गेलो, तर कपाटाची दारं सताड उघडी, कूलर कपाटाकडे तोंड करून लावलेला, आणि ताई कोपऱ्यात पदराने वारा घेत बसलेल्या. मी काही विचारायच्या आत साडू म्हणाले, "माणसाले गरम झालं तं उठून पाणी पिते. कपडा कोणाले सांगन?" तासाभराने त्यांच्या लक्षात आलं की कूलरच्या हवेने कपडे दमट होतात. मग ते सुकवायला त्यांनी कपाटात बल्ब लावला. बल्बने कपडे तापायला लागले, म्हणून कूलर आणखी जवळ ओढला.

त्यातही त्यांचा खरा जीव पांढऱ्या कपड्यांवर. पौर्णिमेला विहारात घालायचे सदरे, ताईंच्या साड्या, सगळं ते निळ्या कागदात गुंडाळून ठेवत, "उजेड लागला का पांढरं पिवळं पडते." माझ्या मुलीचं, प्राचीचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या अकोल्याच्या घरी रंगकाम निघालं होतं. आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते, आणि प्राची कॉलेजची सारी वर्षं साडूंकडे राहून शिकलेली. साडी सांभाळायचं काम त्यांनी मागूनच घेतलं.

लग्नाच्या सकाळी निळं पुडकं दोन्ही हातांवर आडवं धरून ते आमच्या दारात उतरले. सगळ्या बायकांसमोर त्यांनी कागद हलक्या हाताने उलगडला. आतून चादर निघाली.

साडूंनी चादर उलटून-पालटून पाहिली. पुडकी सगळी सारखीच, आणि शाई कपड्यात उतरेल म्हणून एकावरही काही लिहिलेलं नव्हतं. अमरावतीच्या घराची किल्ली त्यांच्या शेजारच्या मास्तरांकडे होती. ज्या कपाटाला ताईसुद्धा विचारून हात लावत, ते मास्तरांनी व्हिडिओ कॉल लावून उघडलं. "ओढू नका जी! खालून हात घाला! टायले धक्का नका लावू!" साडू फोनमध्ये ओरडत होते. मास्तर बिचारे एकेक पुडकं जपून सोडत होते. सदरा निघाला, पडदा निघाला, परत सदरा निघाला.

तेवढ्यात प्राची आली. केसांत गजरा, अंगात घरातला गाऊन. साडूंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "राहू द्या नं, मोठे बाबा. आईची एखादी नेसून घेईन."

साडूंनी तिच्याकडे पाहिलं. मग फोनकडे पाहिलं.

"मास्तर," ते म्हणाले, "फाडा."

"काय फाडू?"

"कागद फाडा सारे! फेका खाली! पहा कुठी हाये ते!"

आम्ही सगळे फोनभोवती जमलो. निळे तुकडे उडत होते, सदऱ्यांवर जीन्स, जीन्सवर मास्तरांचा पाय, आणि साडू घाम पुसत "अजून! अजून काढा!" करत होते. साडी शेवटी सगळ्यात आतल्या कप्प्यात सापडली. एकटीच होती. तिच्या बरोबरीचं कपाटात दुसरं काही नाही, असं साडूंनीच ठरवलं होतं, आणि ते विसरून गेले होते. मास्तर गाडी काढून तसेच निघाले. वाटेत मूर्तिजापूरवरून त्यांचा फोन आला, "साडीले सीटबेल्ट लावून बसवलं हाये." साडूंनी काळजीने विचारलं, "पट्टा लय कसला तं नाही नं?"

वऱ्हाडी मंडळींचा चहा दोनदा झाला, पण प्राची त्याच साडीत उभी राहिली. बुद्धवंदना चालू असताना साडू तिच्याकडे पाहत होते, एरवी ते फक्त घड्या बघतात.

महिनाभराने ते आमच्याकडे आले. सवयीने आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी प्राचीचं कपाट उघडलं. आत नुसते हँगर होते. मी त्यांच्या मागोमाग आत गेलो. "सारंच घेऊन गेली काय पोरगी?" त्यांनी विचारलं. माझ्या बायकोने शोधून प्राचीची एक जुनी ओढणी आणून दिली. ती त्यांनी पलंगावर पसरली, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. बाहेर ताई जेवायला हाका मारत होत्या. "आलो, आलो," साडू म्हणत होते, आणि ओढणीवरून हात फिरवत तिथेच उभे होते.