उशीखालचा रिसिव्हर

आमच्या घरी अजून तारेचा फोन आहे म्हटलं की लोक हसतात. हसू देत. हॉलमध्ये खिडकीखाली स्टुलावर तो बसलेला असतो आणि दिवसभर कोकलतो. कुणाला मला कर्ज द्यायचं असतं, कुणाला बंगलो प्लॉट, कुणाला पाण्याचं मशीन. एक बाई तर माणूसच नाही, नुसता भरून ठेवलेला आवाज आहे. ती माझं अभिनंदन करते आणि एक दाबायला सांगते. मी प्रत्येक फोन उचलते. आंघोळीला गेले तरी बाथरूमचं दार किलकिलं ठेवते. आमचे हे म्हणतात, तुला वेड लागलंय. लागलं असेल. पण हाच फोन मी एका दुपारी काढून ठेवला होता, आणि ती दुपार मला एकदा सगळी सांगून टाकायची आहे.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन वसईत आले ती माणिकपूरच्या एका चाळीत. सासूबाई चांदीपच्या, शेतीवाडीतल्या. मी शाळामास्तरीण, त्यामुळे आल्या आल्या त्यांचं 'पानी' सुधारायला गेले. त्या म्हणाल्या, "तुझ्या पाण्यानं तहान जास्ती भागते काय गो?" तेव्हापासून मी तो नाद सोडला.

चाळीतला पहिला फोन आमच्याकडे आला. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती, पण आमचा नंबर त्यांनी दोन दिवसांत पाठ केला, तोही चालीवर, जात्यावर म्हणावा तसा. सगळ्या चाळीचे निरोप आमच्याच फोनवर यायचे, म्हणून त्यांनी एक कायदा करून टाकला. कुठलीही सून माहेरी बोलत असली की फोन तिचा. बाकीच्यांनी थांबायचं, मग कुणाचं कितीही अडलेलं असो. रविवारी मी आईशी बोलायला बसले की त्या दारात पाट टाकून बसायच्या आणि येईल त्याला वाटेला लावायच्या. बोलू दे तिला, सासरी कोनाशी बोलनार ती, असं म्हणायच्या. एकदा ह्यांच्या साहेबांचा फोन यायचा होता, तरी ह्यांनासुद्धा त्यांनी दारातच उभं केलं होतं. सासू म्हणून त्यांनी मला छळलं नाही असं नाही, पण तो अर्धा तास मात्र त्यांनी राखून ठेवला. ते मी विसरणार नाही.

चाळ गेली, तिथेच बिल्डिंग झाली, आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो. नंबर मात्र तोच राहिला. माझी आई गेली त्यालाही आता बारा वर्षं होतील. आणि गेल्या दोन वर्षांत सासूबाईंचं डोकं रिकामं होत चाललं. आधी विंग विसरल्या, मग मजला. मग एके सकाळी मला विचारलं, तू कोनाची गो बाय. मी म्हटलं, तुमचीच. नंबर मात्र जिथल्या तिथे. कधीही विचारा, चालीसकट म्हणून दाखवणार. मोबाइल घेऊन दिला होता, तो त्यांनी तांदळाच्या डब्यात ठेवला आणि विसरल्या.

म्हणून मी फोन काढू दिला नाही. ह्यांनी चार वेळा म्हटलं, कशाला पैसे भरतेस, आता त्यावर फक्त जाहिरातवालेच येतात. खरं होतं ते. नको असलेले फोन बंद करायची नोंदणी असते, तीही मी केली. दोन दिवस शांतता आणि तिसऱ्या दिवशी दुप्पट. त्यात सासूबाईंची सवय अशी की घंटा वाजली की गुडघे धरत का होईना, जाऊन उचलायचा. फोन वाजतो म्हणजे कुणाला तरी काहीतरी सांगायचंय, एवढंच त्यांना ठाऊक. कार्ड विकणाऱ्या पोरींना त्या जेवलीस का विचारायच्या. कुठला पगार, किती माणसं घरात, सगळं. एकदा पाण्याचं मशीन विकणाऱ्या दोघांना त्यांनी चक्क घरी बोलावलं. मी शाळेतून निवृत्त होऊन जेमतेम महिना झाला होता. भाजी घेऊन येते तर दोन परके पुरुष पंगतीला बसल्यासारखे सोफ्यावर, आणि ह्या मला सांगतायत, ताटं घे.

त्या दिवसानंतर मी एक युक्ती काढली. दुपारी दोन ते तीन एवढाच काय तो माझा डोळा लागायचा वेळ. सकाळपासून त्यांच्यामागे धावून मी इतकी थकलेली असायचे की बसल्या जागी रडू यायचं. आणि नेमके त्याच वेळी हे फोन. तेव्हा दोन वाजले की मी रिसिव्हर काढायचा, उशीखाली दाबायचा, म्हणजे त्याचं ते टूंटूं ऐकू यायचं नाही, आणि तिथेच दिवाणावर आडवं व्हायचं. उठले की परत जागेवर. करणाऱ्याला लाइन बिझी लागायची. लागू दे बिझी, म्हणायचे मी, मेल्यांनो, बसा बोंबलत. मला फार बरं वाटायचं.

त्या दिवशी जाग आली तेव्हा सव्वातीन झाले होते. घर इतकं गप्प होतं की मला उठण्याआधीच कळलं. दार उघडं. त्यांच्या चपला नाहीत.

मी गाउनवर ओढणी टाकली आणि धावत सुटले. वॉचमन जागेवर नव्हता. गच्ची, पाण्याची टाकी, मागचं गॅरेज, सगळं पाहिलं. टाकीत तर वाकून पाहिलं. शेजारच्या वहिनींना म्हटलं, तुम्ही आमच्या घरात बसा, त्या परत आल्या तर कुणी तरी हवं. मग चर्चच्या आवारात गेले, तिथल्या बाकावर त्या कधी कधी बसायच्या. नव्हत्या. रिक्षास्टँडवर एकेकाला मोबाइलवरचा फोटो दाखवला. भाजीवाली म्हणाली, गेल्या की मघाशी पुलाकडे, मला वाटलं तुम्ही मागून येताय. पुलाकडे म्हणजे स्टेशनचा पूल, तो उतरला की पूर्व वसई. पूर्वेला चांदीप. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, ना पत्ता सांगता येत, ना मुलाचं नाव आठवत, आणि तिला माहेरी जायचं होतं.

ह्यांना फोन केला, ते ऑफिसातून निघाले, पण पोचायला संध्याकाळ होणार होती. आणि मग माझा मोबाइल वाजायला लागला. अनोळखी नंबर. एरवी मी असले फोन बघत नाही, पण त्या दुपारी प्रत्येक घंटेला वाटायचं, हाच. कुणाला तरी सापडल्या असतील, कुणी तरी कसा तरी माझा नंबर काढला असेल. घाईघाईनं मी बटण दाबायचे आणि पलीकडून, नमस्कार मॅडम, आपल्याला कर्ज मंजूर झालं आहे. पुलावरच्या गर्दीत उभी राहून मी असे पाच फोन घेतले. एका मुलीला तर मी हात जोडल्यासारखं सांगितलं, बाळ, माझी सासू हरवली आहे, ही लाइन मोकळी ठेव. ती म्हणाली, ओके मॅडम, मग उद्या किती वाजता कॉल करू? मी तिला शिव्या दिल्या. आयुष्यात कुणाला दिल्या नव्हत्या अशा. लोक वळून बघत होते. मला लाज वाटली नाही, नुसतं ओरडून ओरडून खाली बसावंसं वाटत होतं.

पूर्वेच्या स्टँडवर कुणाला काही आठवत नव्हतं. दिवसाला शेकडो म्हाताऱ्या चढतात, एक जण म्हणाला. शेवटी पाच वाजता पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारांनी मला पाणी दिलं आणि सगळं शांतपणे लिहून घेतलं. साडीचा रंग, अंगावर दागिना, कपाळावर गोंदण. मग विचारलं, त्यांना काहीच आठवत नाही? मी म्हटलं, घरचा नंबर आठवतो. तो पक्का पाठ आहे.

ते हसले. मग काळजी कशाला करता ताई, म्हणाले, रस्त्यात कुणीही लावून देईल, फोन येईल. घरी कुणी आहे ना फोनजवळ? मी म्हटलं, आहे, शेजारीण बसली आहे. हे म्हणताना मला दोन तासांत पहिल्यांदा धीर आला. त्यांनी खात्री करायला म्हणून टेबलावरच्या फोनवरून आमचा नंबर फिरवला. कानाला लावला, थोडं थांबले, पुन्हा फिरवला.

"ताई, बिझी येतोय," ते म्हणाले.

मला उशी दिसली. माझी उशी, तिच्यावरची माझ्या डोक्याचा खळगा, आणि तिच्याखाली तो रिसिव्हर. दोन वाजल्यापासून.

वहिनींना मोबाइल लावून मी काय बोलले ते मला आठवत नाही. त्या बिचाऱ्या हॉलमध्ये फोनच्या शेजारीच बसून होत्या. रिसिव्हर नसलेला फोन बघून त्यांना वाटलं होतं, आमचा फोन बंदच पडलाय. तार खिडकीखालून दिवाणावर गेलीय हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांनी रिसिव्हर जागेवर ठेवला. दुसऱ्याच मिनिटाला घंटा वाजली, ती मला त्यांच्या मोबाइलमधून इथे ऐकू आली. त्यांनी धावत उचलला. प्लॉटवाला होता.

रिक्षा करून घरी आले आणि फोनसमोर फरशीवर बसले. तीन तास फोन काढलेला. तीन तास ती बाई कुठे तरी उभी राहून नंबर सांगत असणार, कुणी तरी लावत असणार, आणि इथे बिझी. किती वेळा लावेल कुणी? चार वेळा, पाच वेळा. मग म्हणेल, म्हातारी चुकीचा नंबर सांगते, आणि आपल्या कामाला जाईल. मी देवाला म्हटलं, मला काय व्हायचं ते होऊ दे. फोन वाजला. विमा. पुन्हा वाजला. तीच भरून ठेवलेल्या आवाजाची बाई. तिचं अभिनंदन ऐकताना माझ्या तोंडून हुंदका फुटला आणि वहिनींनी माझ्या हातातून रिसिव्हर घेऊन ठेवला.

पुढची घंटा वाजली तेव्हा सहा वाजत आले होते. पुरुषाचा आवाज, हिंदीत, म्हणाला सातिवलीहून बोलतोय. सातिवली म्हणजे पूर्वेची कारखान्यांची वस्ती, तिथले गाळे विकणारे आम्हाला आठवड्यातून दोनदा छळतात. माझं बोट सवयीनं कट करायला गेलंच होतं. तेवढ्यात त्या आवाजाच्या मागून दुसरा आवाज आला, घोगरा, ओळखीचा, कुणाला तरी समजावणारा. "बघ, लागला. बोलून झालं का लागेल, सांगितलं नव्हतं?"

पुठ्ठ्याची खोकी बनवण्याचा तो एक छोटासा गाळा होता. मी रिक्षानं पोचले तेव्हा दारात पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर सासूबाई पाय सोडून बसल्या होत्या, हातात चहाचा कप. भलत्याच शेअर रिक्षात बसून त्या शेवटच्या स्टॉपला उतरल्या होत्या. तिथे काम करणाऱ्या बायकांनी त्यांना उन्हातून आत घेतलं होतं. बोलणारा माणूस त्यांचा सुपरवायझर. त्याने सांगितलं, साडेतीनपासून लावत होतो, मोजून सांगता येणार नाही इतक्या वेळा. आम्ही म्हटलं, माँजी, चला, पोलिसांत सोडतो. त्या उठायलाच तयार नव्हत्या. मग त्याने मला जे सांगितलं ते त्याला स्वतःला नीट कळलं नव्हतं, म्हणून त्याने त्यांच्याच शब्दांत म्हणून दाखवलं, अडखळत, मराठीत.

"लाइन बिझी हाय, म्हंजी घरी सून बोलते. बोलू दे तिला. बिचारी दिसभर गप्प असते."

मी त्या बायकांच्या पाया पडले. त्यांनी मला उठवलं. सासूबाई बघत होत्या, ही कुणाच्या पाया पडते आणि कशाला.

परत येताना रिक्षात त्यांनी माझा हात धरला. वारं लागत होतं म्हणून मी त्यांचाच पदर त्यांच्या कानावर ओढला. त्या बाहेर बघत होत्या, मला वाटलं, विसरल्या सगळं. मग माझ्याकडे वळल्या.

"कोनाशी बोलत होतीस गो एवढी?"

"माझ्या आईशी," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. "बरी हाय ना ती?"

"बरी आहे."

"मग बोलत जा की रोज," त्या म्हणाल्या, आणि माझा हात थोपटत राहिल्या, पूल येईपर्यंत.