घरातल्या घरात सोयरीक

सुपारी फोडायला जमलेल्या पाहुण्यांसमोर माझा मुलगा उठला, कोपऱ्यात गेला आणि ज्वारीच्या पोत्यावर लघवी केली. वय शेहेचाळीस, फौजेतून हवालदार होऊन आलेला माणूस. नणंदेच्या नवऱ्यानं पाय तेवढे जवळ घेतले आणि दुसरा पेढा उचलला. लघवीची नाही, मला त्या पेढ्याची किळस आली.

सुपारी होती माझ्या नातीची, म्हणजे याच मुलाच्या लेकीची. नवरा मुलगा नणंदेच्या लेकीचा. आमच्यात मामाची मुलगी करतात. मलाही आत्याच्याच घरी दिलं. त्या आत्याला, माझ्या सासूला, पन्नाशीच्या आत चूल पेटवायची कशी ते आठवेना. मग माझा नवरा तसाच गेला. नणंद पाटणला खाटेवर आहे, पोटच्या लेकीला ओळखत नाही. इतकी वर्षं आम्ही करणी समजून कोंबड्या कापल्या.

गेल्या वर्षी साताऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा विसरण्याचा रोग तुमच्या रक्तातून येतोय. अशी घराणी परदेशातही आहेत आणि कितीतरी देशांतले डॉक्टर मिळून त्यांचं रक्त तपासतायत, औषध सापडावं म्हणून. नातीनं आणि मी रक्त दिलं. नणंदेच्या घरातून कोणी आलं नाही. बोभाटा होईल म्हणे.

मी पोतं ओढायला लागले तर नणंदेचा नवरा म्हणतो, "असू द्या वहिनी. तुमच्यात बी हाय, आमच्यात बी हाय. घरातल्या घरात राहील. बाहेरचा कोण करणार हाय हिला?"

नात दारातच होती.

"काय हाय आमच्यात?" नवऱ्या मुलानं विचारलं.

म्हणजे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

"तुझ्या आजीला झालंय ते तुझ्या आईला होऊ शकतं, मग तुला," मी म्हणाले. "हिलाही. साताऱ्याला जाऊन विचार."

"आवं वहिनी, तोंड आवरा."

"पेढा खावा तुमी."

नवरा मुलगा चपला घालून निघून गेला. सुपारी फुटली नाही. नातीनं बापाची विजार बदलली.

आत्याला, नवऱ्याला आणि मुलाला मीच भरवलं, मीच धुतलं. मी पंचाहत्तरीची आहे आणि मला सगळं आठवतं.