दाजींचा करदोडा

आमच्या दाजींचं पोट दारातून आधी आत यायचं आणि दाजी मागून. आक्काच्या लग्नात ते काठीसारखे होते म्हणे; फोटो आहे म्हणून विश्वास ठेवायचा. पोटाचं त्यांना कौतुकच फार. कमरेचा काळा करदोडा काचायला लागला की तो तोडून नवा, सैलसर बांधायचे आणि शर्ट वर करून मला दाखवायचे, "बघा पाव्हणं, तुमच्या बहिणीच्या हातची बरकत."

शुगर निघाल्यापासून दर तीन महिन्यांनी ते गंगापूरहून जीपनं आमच्याकडे संभाजीनगरला यायचे. रक्त तपासायची तयारी दहावीच्या परीक्षेसारखी चालायची. आधीचे चार दिवस चहा बंद, भात बंद, पहाटे कारल्याचा रस आणि शेताला चकरा. मग उपाशीपोटीची शुगर अशी झकास यायची की आक्का देवापुढं साखर ठेवायची. ती साखरही प्रसाद म्हणून दाजीच खायचे, आणि त्याआधी, रिपोर्ट हातात पडताच, माझ्याच गाडीवर मला मागे बसवून गुलमंडीला इमरती खायला न्यायचे. मी कुरकुरलो की म्हणायचे, पास झाल्यावर तोंड गोड करायचं नाय तर कधी करायचं?

त्यांच्या थोरल्या भावाचा पाय याच शुगरनं गेला होता. ते ओसरीवर बसून असायचे आणि आक्का रोज त्यांना जेवण वाढताना नवऱ्याच्या पायांकडे बघायची. तिचा जीव त्या चांगल्या रिपोर्टवर टांगलेला, म्हणून दाजी तो काहीही करून मिळवायचे. लबाडीच ती, पण तिच्यासाठी केलेली. अशा माणसावर राग तरी कसा धरायचा?

मग आमचे जुने डॉक्टर थकले आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी नेहमीच्या तपासणीबरोबर एचबीएवनसी आणि रक्तातली चरबीही बघायला सांगितली. दाजी निर्धास्त होते. रिपोर्ट घ्यायला आक्काही आली होती. बाईंनी शांतपणे सांगितलं की ही तपासणी कालपरवाचं नाही, मागच्या तीन महिन्यांचं सांगते, आणि ते फार वाईट आहे. मग टेप घेऊन दाजींचं पोट मोजलं. ही चरबी नुसती वर दिसते तेवढी नसते, आत यकृताभोवती बसते आणि अंगातल्या इन्सुलिनला काम करू देत नाही, असं त्या समजावत होत्या. दाजींनी शर्ट खाली ओढून घेतला.

आक्का आधीच जीपमध्ये जाऊन बसली. जीप भरेपर्यंत दाजी माझ्याजवळ उभे होते. "रक्त लई चुगलखोर निघालं, पाव्हणं," म्हणाले आणि हसायला गेले, पण डोळे भरून आले.

घरी गेल्यावर आक्कानं स्वतःच्या हातानं नवा करदोडा बांधला, मुद्दाम बेताचा. आता हा तोडायचा नाही, सैल झाला तर मी गाठ आत घेईन, एवढंच तिनं बजावलं. दाजी कालव्यापर्यंत चालायला लागले. इमरती सुटली, ताटातली भाकरी कमी झाली. चिडचिड करायचे, माझ्यावर खेकसायचे, पण चालायचे. गाठ आत सरकत गेली तसं पुढं दोऱ्याचं शेपूट वाढत गेलं. आक्का ते कापू द्यायची नाही. तीन महिन्यांची तपासणीही हळूहळू उतरली. आता दाजी शर्ट वर करून पोटाऐवजी ते शेपूट दाखवायचे.

पण किडन्या आधीच्या वर्षांतच खराब झाल्या होत्या. यंदाच्या हिवाळ्यात दाजी गेले. पाय मात्र दोन्ही शाबूत होते.

अंगणात शेवटची अंघोळ घातली आणि रीतीप्रमाणे करदोडा तोडायला कुणीतरी पुढं झालं. आक्कानं त्याचा हात धरला. वाकून ते लांब शेपूट बोटांत घेतलं, गाठीपासून टोकापर्यंत चाचपलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्या खेपंला खोटं नव्हते बोलले रं ते."